जुन्या बास क्लॅरिओनेटचा काळनिर्णय

जुन्या वस्तूला स्वतःचे वय सांगता येत नाही. आणि ज्याच्या घरी ती असते त्याला मात्र ते सांगण्याची मोठी हौस असते. घरात गंजलेली तलवार असली की ती पानिपतावरून आलेली ठरते, आणि पितळी दौत असली की ती नाना फडणविसांच्या वेळची. यात लबाडी असतेच असे नाही. आजोबांनी सांगितलेले बापाने ऐकले, बापाचे मुलाने ऐकले, आणि प्रत्येक पिढीत वस्तूचे वय पंचवीस वर्षांनी वाढावयाच्या ऐवजी पन्नास वर्षांनी वाढले, इतकेच. कै. राजवाडे यांनी महाराष्ट्राला जो एक धडा घालून दिला तो हा की, मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या काळचा अस्सल कागद श्रेष्ठ. वस्तूंच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे. वस्तूभोवतीची कथा ही बखर होय. वस्तूच्या अंगावरील खुणा हा तिचा अस्सल कागद होय.

ह्या न्यायाची कसोटी पाहावयाची तर एखादे जुने विलायती वाद्य घ्यावे, आणि तेही जालना जिल्ह्याच्या भूमीवर घ्यावे. कारण ह्या भूमीवर लष्करी वाद्ये दोन वेगवेगळ्या निमित्तांनी वाजली. पहिले निमित्त युद्धाचे. आजच्या भोकरदन तालुक्यात केळणा व जुई ह्या नद्यांच्या दुआबात असई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जगाला माहीत झालेला सेनापती, आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा यांची घनघोर लढाई झाली. दुसरे निमित्त छावणीचे. जालना शहराच्या पूर्वेस १८२७ मध्ये छावणी वसली, आणि हैदराबाद काँटिंजंट ह्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या फौजेचे ते एक ठाणे झाले. १९०३ मध्ये काँटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि जालन्याच्या छावणीचे दिवस संपले. अशा मुलखात एखाद्या बँडवाल्याच्या पेटाऱ्यात जुने लांबलचक काळे वाद्य निघाले, तर ते असईच्या लढाईतले म्हणून सांगण्याचा मोह कोणालाही पडेल. तो मोह कितपत खरा, हे पाहावयास बास क्लॅरिओनेटसारखे दुसरे वाद्य नाही.

साधे क्लॅरिओनेट आपल्याकडे लग्नाच्या वरातीत सर्वांनी पाहिलेले आहे. काळी सरळ नळी, वर एकाच रीडचे माउथपीस, खाली कर्णा. बास क्लॅरिओनेट हा त्याचा थोरला भाऊ. त्याची नळी जवळजवळ दुप्पट लांब, म्हणून स्वर एक सप्तक खाली. नळी एवढी लांब की माउथपीस ओठापर्यंत आणण्यासाठी वर धातूची वाकडी मान जोडावी लागते, आणि खालचा कर्णाही धातूचा असून वर वळलेला असतो. दुरून पाहणाऱ्यास तो सॅक्सोफोन वाटतो. पण सॅक्सोफोनची सारी नळी पितळी व खाली रुंदावत जाणारी असते, तर बास क्लॅरिओनेटची मधली नळी लाकडाची किंवा एबोनाइटची व सरळ असते. ही सरळ नळीच त्याच्या स्वभावाचे मूळ आहे. निमुळत्या नळीची सनई जोराने फुंकली म्हणजे षड्जावरून तार षड्जावर जाते. क्लॅरिओनेट मात्र षड्जावरून एकदम तार सप्तकातील पंचमावर उडी घेते. मधल्या साऱ्या स्वरांसाठी जास्तीची भोके व चाव्या लागतात. म्हणूनच क्लॅरिओनेटचा इतिहास हा मुख्यतः चाव्यांचा इतिहास आहे, आणि चाव्या मोजता येतात ही काळ ठरविणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोयीची गोष्ट आहे.

प्रथम असईचा प्रश्न निकालात काढावा. वेलस्लीच्या सैन्यात ७८ वी हायलंडर पलटण होती. डेव्हिड स्टुअर्ट ह्या स्कॉटिश लेखकाने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या लढाईतील वादकांची एक हकीकत दिलेली आहे. वादकांनी जखमींना उचलून शस्त्रवैद्यांकडे न्यावे असा हुकूम सुटला. एका पायपरला वाटले की आपणही त्यातच आलो; त्याने आपला बॅगपाइप खाली ठेवला आणि तो जखमींच्या सेवेस लागला. मागाहून सोबत्यांनी त्याची हेटाळणी केली की, बासऱ्या व शहनाईसारखी वाद्ये फुंकणारे मागे गेले तर समजण्यासारखे आहे, पण पायपरने रणातून मागे जावे हे कधी ऐकले नाही! ह्या हकीकतीवरून इतके निश्चित कळते की असईच्या रणांगणावर फुंकून वाजविण्याची वाद्ये होती आणि ती वाजविणारी माणसे होती. परंतु बास क्लॅरिओनेट त्यांत असण्याचा संभव नाही. त्या वेळच्या लष्करी बँडातील क्लॅरिओनेट हे पिवळसर बॉक्सवूडचे, हस्तिदंती कड्यांचे व पाच-सहा चाव्यांचे लहान वाद्य होते. खर्जातील क्लॅरिओनेट १७९३ मध्ये ड्रेस्डेनच्या हाइन्‍रिख ग्रेन्‍झरने केले होते खरे. पण त्याचा आकार बसूनसारखा, म्हणजे दुमडलेल्या नळीचा होता, आणि तशी वाद्ये त्या काळी युरोपातही दुर्मिळ होती. आज आपण ओळखतो ते सरळ बास क्लॅरिओनेट अडॉल्फ साक्स ह्या बेल्जियन कारागिराने १८३८ मध्ये पेटंट घेऊन पुढे आणले. सॅक्सोफोनचा जनकही हाच. तात्पर्य, सरळ नळी, वाकडी मान आणि झाकणांच्या चाव्या असलेले वाद्य कोणी असईचे म्हणून दाखवील, तर त्याच्या आकारानेच त्याच्या कथेस निदान पस्तीस वर्षांनी खोटे पाडले असे समजावे.

येथे काळनिर्णयाचा पहिला नियम हाती लागतो. वाद्य हे त्याच्या अंगावरील सर्वांत अर्वाचीन मूळ भागापेक्षा जुने असू शकत नाही. ताम्रपट शके अमुकचा म्हणविला आणि त्यातील अक्षराचे वळण दोनशे वर्षांनंतरचे निघाले, तर संशोधक अक्षरावर विश्वास ठेवतो, मजकुरावर नाही. तसेच येथेही. मात्र 'मूळ' हा शब्द विसरता कामा नये. माउथपीस, गाद्या, स्प्रिंगा, प्रसंगी मान व कर्णाही शंभर वर्षांत बदललेली असतात. नव्या माउथपीसवरून जुने वाद्य नवे ठरविणे ही जुन्यास अतिजुने ठरविण्याइतकीच चूक होय.

आकारानंतर अंग पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाव्या लाकडातच कोरून ठेवलेल्या उंचवट्यांत बसवीत. पुढे लाकडात पिळून बसविलेले धातूचे लहान खांब आले. जुन्या चाव्या पितळेच्या. शतकाच्या उत्तरार्धात जर्मन सिल्व्हर सर्रास झाले. लाकडाच्या जागी एबोनाइट, म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, असेल तर गुडइयरने आपल्या रबराच्या कृतीचे पेटंट १८४४ मध्ये घेतले हे ध्यानात धरावे. वाद्य त्यापूर्वीचे असणे शक्यच नाही. मराठवाड्यासारख्या मुलखात एबोनाइटला विशेष अर्थ आहे. वैशाखातील कोरडा ताप आणि श्रावणातील ओल ह्यांत लाकूड आकसते, फुगते व अखेर उभे तडकते. एबोनाइट तडकत नाही. उन्हाने व काळाने त्याचा काळा रंग उडून तपकिरी-हिरवट झाक येते, आणि त्यावरून ते लाकडाहून वेगळे ओळखता येते.

नंतर चाव्यांची मांडणी. इव्हान म्यूलरने १८१२ च्या सुमारास तेरा चाव्यांचे क्लॅरिओनेट केले. त्याचीच सुधारलेली वंशावळ ब्रुसेल्सच्या अल्बेर याच्या नावाने पुढे प्रसिद्ध झाली, आणि तिला इंग्रज लोक साधी पद्धत म्हणत. दुसरीकडे पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक व ब्यूफे हा कारागीर यांनी मिळून १८३९ मध्ये नवी मांडणी लोकांपुढे मांडली व १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. बासरीकर्त्या बोमच्या कल्पना तिच्यात घेतल्या असल्यामुळे तिला बोम पद्धत हे नाव पडले. दोहोंतील भेद ओळखण्यास संगीत येण्याची गरज नाही, करंगळ्या पाहाव्यात. उजव्या करंगळीखाली चार चाव्यांचा झुबका आणि डावीखाली साधारण तीन असतील तर बोम पद्धत. दोन्हीकडे दोन-दोनच असतील तर साधी पद्धत. परंतु साधी पद्धत दिसली म्हणजे वाद्य फार जुने, असे मात्र समजू नये. इंग्लंडातील बँडांत ती विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. चाव्यांची पद्धत वाद्य कोणत्या वर्षापूर्वीचे नाही एवढेच सांगते. कोणत्या वर्षानंतरचे नाही, हे ती सांगत नाही.

बास क्लॅरिओनेटच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. जुन्या वाद्यांचा सर्वांत खालचा लिखित स्वर बहुधा 'ई' असे. पुढे 'ई फ्लॅट'पर्यंत उतरणारी चावी रूढ झाली, व त्यानंतर 'सी'पर्यंत खाली जाणारी वाद्येही निघाली. तसेच वरच्या सप्तकात जाण्यासाठी जुन्या वाद्यांत डाव्या अंगठ्याला दोन चाव्या आळीपाळीने दाबाव्या लागत; पुढे एकाच चावीने दोन्ही भोके आपोआप उघडमीट करणारी योजना प्रचारात आली. ह्या दोन्ही खुणा कच्च्या वादकासही दोन मिनिटांत तपासता येतात.

आता नाव व पत्ता. बहुतेक लोक प्रथम येथेच पाहतात, आणि बहुतेक चुका येथेच होतात. कारखान्याचे नाव शतकभर तेच राहते. पत्ता व भागीदार मात्र बदलतात, म्हणून नावापेक्षा पत्ता अधिक बोलका असतो. लंडनची बूझी कंपनी १८७४ मध्ये २९५, रीजंट स्ट्रीट येथे आली, आणि १९३० मध्ये हॉक्स कंपनीशी एकत्र होऊन बूझी अँड हॉक्स झाली. म्हणजे 'बूझी अँड कंपनी, २९५, रीजंट स्ट्रीट' एवढी अक्षरे वाचता आली की वाद्य १८७४ व १९३० यांच्या दरम्यानचे हे सिद्ध झाले. 'हॉक्स अँड सन' आणि त्याखाली 'डेन्मन स्ट्रीट' असेल तर १८९५ पासून १९३० पर्यंत. 'रुडाल, कार्ट अँड कंपनी, २३, बर्नर्स स्ट्रीट' असेल तर १८७८ नंतरचे. फ्रेंच वाद्यांत एक सापळा आहे. पॅरिसचा ब्यूफे-क्रांपों कारखाना १८८५ मध्ये एवेत व शेफर ह्या दोघांच्या हाती गेला, आणि त्या काळच्या उत्तम वाद्यांवर त्यांची नावे आली. पुढे मालकी बदलल्यावर तीच नावे कारखान्याने आपल्या स्वस्त प्रतीच्या वाद्यांना दिली. एकच नाव, पण एका काळी ते मालकाचे, दुसऱ्या काळी मालाच्या प्रतीचे!

देशाचे नावही असेच उपयोगी पडते. इंग्लंडचा १८८७ चा व्यापारचिन्हांचा कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा यांमुळे निर्यातीच्या मालावर देशाचे नाव घालण्याची चाल वाढली. 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव असलेले वाद्य १९१८ पूर्वीचे असू शकत नाही, कारण त्यापूर्वी तो देशच नव्हता. 'पश्चिम जर्मनी' असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे. नाणेशास्त्रज्ञ राजाच्या नावावरून जे काम करतो, तेच येथे राष्ट्राच्या नावावरून होते. राहता राहिला कारखान्याचा अनुक्रमांक. तो लागला तर सोने. पण प्रत्येक कारखान्याच्या याद्या उपलब्ध नाहीत, आणि एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याच्या यादीत शोधणे व्यर्थ. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २००४ मध्ये बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह मिळविला, आणि त्या कारखान्याच्या जुन्या वह्याही आता तेथे आहेत. त्यामुळे इंग्रजी वाद्यांपुरती ही वाट पुष्कळ मोकळी झाली आहे.

जालन्याच्या संदर्भात सर्वांत मोलाची खूण म्हणजे पलटणीचा शिक्का. लष्करी मालावर पलटणीचे नाव किंवा क्रमांक कोरण्याची, आणि सरकारी भांडाराच्या मालावर बाणाचे टोक उमटविण्याची रीत होती. काँटिंजंटच्या पलटणींची नावे वेळोवेळी बदलत गेली, ही इतिहासकाराच्या पथ्यावर पडलेली गोष्ट आहे. १९०३ पर्यंत त्यांच्या नावात 'हैदराबाद काँटिंजंट' हे शब्द असत. त्या वर्षी त्यांना हिंदी लष्करातील क्रमांक मिळाले. उदाहरणार्थ, तिची पहिली पायदळ पलटण ९४ वी रसेल्स इन्फंट्री झाली. १९२२ मध्ये ह्या पायदळ पलटणींतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली, आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. एकाच परंपरेची चार नावे, आणि प्रत्येक नावाला ठराविक वर्षांची चौकट! मात्र शिक्का वाद्य केव्हा वापरात होते हे सांगतो, केव्हा घडले हे नव्हे. वीस वर्षे जुने वाद्य नव्या नावाचा शिक्का अंगावर घेऊ शकते. शिवाय १९०३ नंतरच्या नावाचा शिक्का असलेले वाद्य जालन्यात सापडले, तर ते तेथील छावणीत वाजले असे म्हणता येणार नाही. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. त्यानंतर मुंबईचा जुना बाजार आणि जालन्याची पेठ यांत एका रात्रीचेच अंतर उरले होते.

शेवटचा साक्षीदार वाद्याचा स्वर, आणि तो सर्वांत प्रामाणिक. शिक्का घासून जातो, चावी बदलते, कथा वाढते. पण नळीची लांबी व भोकांच्या जागा सहसा कोणी बदलीत नाही. एकोणिसाव्या शतकात देशोदेशीचा मूळ स्वर निरनिराळा होता. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने 'ए' स्वराची कंपने सेकंदास ४३५ ठरविली. इंग्रजी लष्कराचे बँड मात्र सुमारे ४५२ इतक्या उंच स्वरात वाजत. लंडनच्या मैफलींनी १८९६ मध्ये ४३९ चा खालचा स्वर स्वीकारला, तरी लष्कराने आपला उंच स्वर १९२८-२९ पर्यंत सोडला नाही. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा ठरला व तोच पुढे जगभर रूढ झाला. ४५२ व ४४० यांतील भेद कानाला चांगला जाणवतो. तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा आहे.

ही परीक्षा महाराष्ट्रातील घराला परकी वाटावयाचे कारण नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची कंपने मोजून दाखविली, आणि क्लेमंट्स यांच्यासह श्रुतींच्या हार्मोनियमचा प्रयत्न केला. तेव्हापासून कंपनांचा हिशेब मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. येथे तर साधी पेटी पुरते, मात्र ती अलीकडच्या ४४० च्या स्वरात लावलेली असावी. बास क्लॅरिओनेट बहुधा 'बी फ्लॅट'चे असते. म्हणजे वादक ज्याला 'सी' म्हणतो तो स्वर पेटीच्या काळी पाचवर बसावयास पाहिजे. वाद्य हातात धरून चांगले ऊबदार करावे, मान पूर्ण आत बसवावी, आणि तो स्वर धरावा. काळी पाचशी जुळला तर वाद्य अर्वाचीन स्वराचे. किंचित उतरता लागला तर जुने फ्रेंच असण्याचा संभव. आणि काळी पाच व पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळला तर ते लष्करी उंच स्वराचे, म्हणजे बहुधा १९२९ पूर्वीचे.

आता सर्व साक्षी एकत्र कराव्यात. असे समजा की एका वाद्याची नळी सरळ व काळ्या लाकडाची आहे, चाव्या साध्या पद्धतीच्या आहेत, पत्ता बूझीचा २९५, रीजंट स्ट्रीटचा आहे, आणि स्वर काळी पाचच्या वर आहे. आकार म्हणतो १८३८ नंतर. पत्ता म्हणतो १८७४ ते १९३०. स्वर म्हणतो बहुधा १९२९ पूर्वी. त्यावर हैदराबाद काँटिंजंटचा मूळ शिक्का निघाला तर चौकट १८७४ ते १९०३ अशी एकोणतीस वर्षांची झाली, आणि अनुक्रमांक वहीत सापडला तर कदाचित एका वर्षाचीही होईल. एकही साक्षीदार एकटा पुरेसा नव्हता. सर्वांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून ती मानावयाची. एकाने जरी वेगळे सांगितले तरी थांबावयाचे, आणि तो भाग मागाहून बसविलेला आहे काय हे पाहावयाचे.

कोणी म्हणेल, एका जुन्या वाद्याच्या वयासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर असे की, हे वय वाद्याचे नसून माणसांचे आहे. पलटणीच्या सेनापतींची चरित्रे लिहिली गेली. बँडात फुंकणाऱ्या शिपायाचे नाव कोणी लिहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे विलायती वाद्य सनई-चौघड्याच्या शेजारी लग्नमंडपात आले. मीरतेस नादिर अली कंपनीसारखी देशी पेढी १८८५ मध्ये उभी राहिली. आणि पिढ्यान् पिढ्या सनई व डफडे वाजविणाऱ्या घराण्यांनी ह्या परक्या नळीतून आपल्या चाली काढल्या. ह्या स्थित्यंतराचा लेखी पुरावा फार थोडा आहे. लाकडावर उठलेली बोटांची झीज, तुटलेल्या चावीस गावच्या कारागिराने दिलेला डाग, शिक्क्यावर दुसरा शिक्का, हाच त्या माणसांचा दप्तरखाना होय. बास क्लॅरिओनेट तर बँडातील विरळा वाद्य. तेव्हा जेथे ते निघेल तेथील बँड साधा नव्हता, एवढे तरी त्यावरून कळते. ते असईचे म्हणून मिरविले तर वेलिंग्टनच्या वैभवात तिळभरही भर पडत नाही, पण ज्यांनी ते खरोखर वाजविले त्यांची उरलीसुरली आठवण मात्र पुसली जाते.

म्हणून असे वाद्य हाती आले तर पहिला नियम हा की, ते चकाकवू नये. पॉलिशच्या कापडाखाली पत्ता जातो, कानशीखाली शिक्का जातो. मोडीच्या दुकानी जर्मन सिल्व्हरचा भाव वजनावर ठरतो. तेथे गेलेले वाद्य परत येत नाही. सर्व अक्षरे, आकडे व चिन्हे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, नळीची लांबी मोजावी, स्वर पेटीवर पाहावा, आणि ते कोणाकडून कोणाकडे आले हे घरातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. वृद्धांची कथा टाकून देऊ नये. ती खुणांच्या शेजारी ठेवावी. बखर आणि कागद जेथे जुळतात तेथे इतिहास उभा राहतो, आणि जेथे जुळत नाहीत तेथे कागदाचे ऐकावे लागते.